रिपोर्टमधलं ‘सर्व्हायकल’ : शब्द उकलायचा कसा आणि मान कुणाची हे ओळखायचं कसं

परळच्या रुग्णालयांच्या पट्ट्यात दिवसभर कानावर पडणारा एक शब्द म्हणजे ‘सर्व्हायकल’. हाडांच्या ओपीडीबाहेर मानेला पट्टा लावून बसलेले काका सांगतात, “मला सर्व्हायकल आहे.” स्त्रीरोग विभागाच्या रांगेत कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, “वहिनींना सर्व्हायकल निघालं.” शब्द एकच, पण काकांच्या मणक्यांची झीज झालेली असते आणि वहिनींचा आजार गर्भाशयाच्या मुखाशी असतो. त्यात दातांचे डॉक्टरही केसपेपरवर हाच शब्द लिहितात.

रुग्णांना त्यांचे कागद समजावून देणं हे माझं रोजचं काम. या एका शब्दाने विनाकारण हादरलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि जिथे धावपळ करायला हवी होती तिथे “मानेचं काहीतरी असेल” म्हणून कागद कपाटात गेलेला, हेही पाहिलं आहे. दुसरा प्रकार जास्त घातक. म्हणून या शब्दाची लॅटिन मुळं शोधत, एकेक पायरी चढत तो कसा सोडवायचा ते इथे मांडते आहे. हात एकदा बसला की ‘रॅडिक्युलोपथी’ किंवा ‘स्क्वेमस’सारखे शब्दही त्याच वाटेने सुटतात. मात्र शब्दाचा अर्थ लागला म्हणजे निदान कळलं, असं समजू नका. निदान डॉक्टरच करतील. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी ही खटपट.

पहिली पायरी : शब्द एकटा उचलू नका

रिपोर्ट हातात आला की नजर अवघड शब्दावर जाते आणि तोच शब्द आपण मोबाइलवर शोधायला लागतो. इथेच गडबड होते. आधी कागदाच्या डोक्यावर काय छापलंय ते वाचा. ‘एमआरआय सर्व्हायकल स्पाइन’, ‘यूएसजी नेक’ (मानेची सोनोग्राफी), ‘यूएसजी पेल्व्हिस’ (ओटीपोटाची सोनोग्राफी), ‘पॅप स्मिअर’ (गर्भाशयमुखावरच्या पेशींची तपासणी) यांपैकी काय आहे? त्यानंतर ज्या ओळीत तो शब्द आलाय ती अख्खी ओळ वहीत उतरवून घ्या, मागचा-पुढचा शब्द न गाळता. ऐकून लिहू नका. ‘स्पाँडिलोसिस’ आणि ‘स्पाँडिलायटिस’ कानाला जवळपास सारखेच लागतात, पण त्यांच्यात फरक आहे. तो पुढे येईलच.

लालबागच्या एक मावशी मानेच्या सोनोग्राफीचा कागद घेऊन आल्या होत्या. त्यावर ‘मल्टिपल सर्व्हायकल लिम्फ नोड्स’ असं लिहिलेलं. त्यांच्या सुनेने फक्त मधला शब्द मोबाइलवर टाकला आणि उत्तरात कॅन्सर आला. मावशी रात्रभर जाग्या.
“ताई, माझी पिशवी तर दहा वर्षांपूर्वी काढली. मग हे आलं कुठून?”
“मावशी, वर बघा, ‘नेक’ लिहिलंय. ही तुमच्या गळ्याची तपासणी आहे, पिशवीची नाही.”
गाठी कशाच्या आहेत ते अजून ठरायचंच होतं, आणि त्यासाठी पुढच्या तपासण्या करायला लागल्याच. पण रात्रभराची ती भीती कागदाचं डोकं वाचलं असतं तर वाचली असती.

दुसरी पायरी : शेपूट आधी सोडवा

वैद्यकीय शब्द उकलताना सुरुवात मागून करायची. शेपूट कळलं की शब्द कशाबद्दल बोलतोय याचा अंदाज येतो : जागेबद्दल, सुजेबद्दल, दुखण्याबद्दल की शस्त्रक्रियेबद्दल. ‘सर्व्हायकल’चं शेपूट ‘-अल’, लॅटिनमध्ये ‘-आलिस’. आपल्या ‘-चा, -ची, -चे’चंच काम ते करतं. म्हणजे ‘सर्व्हायकल’ हे आजाराचं नाव नाहीच, ते विशेषण आहे. “मला सर्व्हायकल आहे” म्हणजे “मला मानेचा आहे” असं झालं. मानेचा काय, ते पुढचा शब्द सांगतो. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी अर्धं काम झालं.

बाकीची शेपटं बहुतेक ग्रीक आहेत, कारण वैद्यकाची भाषा या दोन्ही भाषांच्या सरमिसळीतून घडली. ‘-आयटिस’ म्हणजे दाह, ‘-ओसिस’ म्हणजे एखादी स्थिती किंवा बदल, ‘-आल्जिया’ म्हणजे दुखणं, ‘-ओमा’ म्हणजे गाठ, ‘-एक्टमी’ म्हणजे कापून काढणं. स्पाँडिलोस हा मणक्यासाठी ग्रीक शब्द. वयाबरोबर मणके झिजतात तो स्पाँडिलोसिस. मणक्यांना खरोखर दाह होतो तो स्पाँडिलायटिस, आणि त्यातला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा तरुण वयात सुरू होणारा, वेगळ्या उपचारांचा आजार. मुंबईत मात्र मान दुखली की सरसकट ‘स्पाँडिलायटिस’ म्हणायची पद्धत पडली आहे, पार मेडिकलच्या दुकानापर्यंत. कागदावर काय लिहिलंय तेच खरं धरा.

शेपटाची ताकद बघायची तर दोन शब्द शेजारी ठेवा : सर्व्हिसायटिस आणि सर्व्हायकाल्जिया. दोन्हींचं मूळ एक. तरी पहिला नेहमी गर्भाशयाच्या मानेच्या दाहासाठी वापरतात आणि दुसरा खांद्यावरच्या मानेच्या दुखण्यासाठी. असं का, याला व्याकरणात उत्तर नाही. वापरानेच ते पक्कं झालं.

तिसरी पायरी : मुळापर्यंत जा, आणि ‘स’च्या जागी ‘क’ ठेवून बघा

शेपूट काढलं की ‘सर्व्हिक-’ उरतं. लॅटिन शब्दकोशात मात्र ते अशा रूपात सापडत नाही. तिथे ‘सर्व्हिक्स’ आहे, आणि त्याचं षष्ठीचं रूप ‘सर्व्हिसिस’. शेवटी ‘क्स’ असलेले अनेक लॅटिन शब्द विभक्ती लागली की रूप बदलतात आणि वैद्यकीय शब्द त्या बदललेल्या रूपावरून बनतात. अपेंडिक्सचं अपेंडिसायटिस होतं ते यामुळेच. रॅडिक्स म्हणजे मूळ, त्याचं ‘रॅडिक-’, त्यापासून ‘रॅडिक्युला’ म्हणजे छोटं मूळ, आणि मग रॅडिक्युलोपथी : मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेच्या मुळाशी झालेला त्रास. ओपीडीत आपण ज्याला “नस दबली” म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. इंग्रजीत मुळ्याला रॅडिश म्हणतात तेही याच रॅडिक्समुळे, आणि आपला ‘मुळा’ही ‘मूळ’वरूनच आला.

आता उच्चार. जुन्या रोमन लोकांच्या तोंडी तिथे ‘स’ नव्हता, ‘क’ होता. ते ‘केर्विक्स’ म्हणत. तो ‘स’ नंतरच्या शतकांत युरोपातल्या बोलींनी आणला. म्हणून लॅटिन मूळ शोधताना ‘स’ काढून ‘क’ ठेवून बघायची सवय लावा. नाती लगेच दिसू लागतात. सेरेब्रम म्हणजे मेंदू, मूळ उच्चार ‘केरेब्रुम’, आणि त्याचं संस्कृतातलं भावंड ‘शिरस्’, आपलं शिर. लॅटिनचा ‘क’ आणि संस्कृतचा ‘श’ अशा कितीतरी जोड्यांत समोरासमोर येतात. शंभरासाठी लॅटिन ‘केंटुम’, संस्कृत ‘शत’. दहासाठी ‘डेकेम’ आणि ‘दश’. कॅन्सरचा जुना उच्चार ‘कांकेर’, अर्थ खेकडा. शेजारी ‘कर्क’ ठेवा. कर्करोग हे भाषांतर म्हणून बसवलेलं नाव असलं तरी दोन्हींतला खेकडा एकच आहे. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात, असं प्राचीन ग्रीक वैद्य गेलनने लिहून ठेवलं आहे. त्याच्याही आधी हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी ‘कार्किनोस’ हा शब्द वापरला होता. कार्सिनोमा त्यातूनच आला.

जुळणारा आवाज म्हणजे नातं, असं मात्र धरू नका. ‘सर्व्हायकल’चा आपल्या ‘सर्व’शी संबंध नाही, ‘सर्व्हिस’शीही नाही. आणि ‘सर्व्हाइव्ह’ तर ‘सुपर’ आणि ‘विवेरे’ म्हणजे जगणं, या दोन शब्दांचं मिळून झालं आहे. मूळ पटतंय का ते अर्थानेही तपासायचं. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ सालचा लॅटिन शब्दकोश इंटरनेटवर मोफत बघायला मिळतो. त्यात नुसतं ‘cervix’ टाइप केलं तरी त्यासमोर ‘मान, मानेचा मागचा भाग’ हा अर्थ सापडेल.

चौथी पायरी : कुणाची मान?

खरी मेख इथे आहे. शरीरशास्त्रात ‘मान’ म्हणजे कुठल्याही गोष्टीचा निमुळता, आवळलेला भाग. म्हणून एकाच माणसाच्या शरीरात तिच्या अनेक जागा निघतात.

पहिली आपली नेहमीची, डोकं आणि खांदे यांच्यामधली. इथले सात मणके म्हणजे सर्व्हायकल व्हर्टिब्रे. एमआरआयच्या कागदावर ‘सी५-सी६’ दिसतं त्यातला ‘सी’ या सर्व्हायकलचाच. पुढचा ‘डी’ पाठीचा, ‘एल’ कमरेचा. जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात, फक्त एकेक लांबलचक. व्हर्टिब्रा आला ‘वेर्टेरे’ म्हणजे वळणं या क्रियापदातून, आणि तेच धातूचं मूळ आपल्या वर्तुळ-आवर्तनात आहे. दुसऱ्या मणक्याचं नाव ॲक्सिस, म्हणजे सरळ ‘अक्ष’. डोकं डावीकडे-उजवीकडे वळतं ते या अक्षाभोवती. मणके सात असले तरी नसांच्या जोड्या आठ आहेत. त्यामुळे कागदावर ‘सी८ नस’ दिसली आणि आठवा मणका सापडला नाही, तर टायपिंगची चूक समजू नका.

मानेच्या एमआरआयमधलं आणखी एक. लोक म्हणतात, “मणक्यात गॅप आलाय.” कागदावर बहुतेक वेळा उलट लिहिलेलं असतं : दोन मणक्यांमधली जागा कमी झाली आहे. ‘रिड्यूस्ड डिस्क स्पेस’ हे शब्द शोधा.

दुसरी मान गळ्याच्या गाठींची. ‘सर्व्हायकल लिम्फॲडेनोपथी’ म्हणजे मानेतल्या लसिका ग्रंथी वाढल्या. लिम्फा म्हणजे लॅटिनमध्ये स्वच्छ पाणी, आणि ‘लिम्फ नोड’मधला नोडस म्हणजे गाठ. घशाला संसर्ग झाला तरी या गाठी फुगतात आणि उतरतात. पण आपल्या शहरात क्षयरोग अजून घरोघर फिरतो, त्यामुळे महिनाभर न उतरणारी गाठ कुणी हलक्यात घेऊ नये. जुन्या मराठीत याला गंडमाळ म्हणत, गळ्यात माळ घातल्यासारख्या ओळीने आलेल्या गाठी. नावात अचूक निरीक्षण आहे. रिपोर्टमध्ये ‘नेक्रोटिक’ किंवा ‘मॅटेड’ हे शब्द असतील, म्हणजे आतून मेलेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या गाठी, तर सुईच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

तिसरी मान गर्भाशयाची, पूर्ण नाव ‘सर्व्हिक्स युटेरी’. गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस याने वैद्यकावर लिहिताना गर्भाशयाच्या अरुंद भागासाठी मानेचाच शब्द वापरला. ग्रीकांनीही त्यांचा मानेचा शब्द, ‘ट्राखेलोस’, इथे आणला होता. म्हणून आजही या भागाच्या एका शस्त्रक्रियेला ट्रेकेलेक्टमी म्हणतात. श्वासनलिकेची ट्रेकिऑस्टॉमी हा वेगळाच प्रकार, तिच्याशी गल्लत नको.

चौथी दाताची. दात हिरडीला जिथे भेटतो ती त्याची मान. घासून घासून तिथे खाच पडली की दातांचे डॉक्टर ‘सर्व्हायकल ॲब्रेजन’ लिहितात. कडक ब्रश आडवा रगडणाऱ्यांना हे हटकून होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. ब्रश बदला, पद्धत बदला.

गरोदरपणाची सोनोग्राफी : सगळ्यात गोंधळाचा कागद

हा कागद वेगळा काढून सांगते, कारण इथे एकाच पानावर दोन माणसांच्या माना येतात. तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत साधारण अशा ओळी असतात : ‘सर्व्हायकल लेंग्थ ३.४ सेंमी. इंटर्नल ओएस क्लोज्ड. एनटी १.३ मिमी.’

पहिली ओळ आईची, तिच्या गर्भाशयाच्या मानेची लांबी. चोवीस आठवड्यांच्या आत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर डॉक्टर सावध होतात, औषध देतात किंवा पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याचा विचार करतात. सेंटिमीटर की मिलिमीटर, तेही नीट बघा. ३.४ सेंमी म्हणजे ३४ मिमी.

तिसरी ओळ बाळाची. एनटी म्हणजे नुकल ट्रान्सल्युसन्सी, बाळाच्या मानेमागच्या द्रवाच्या थराची जाडी, अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधल्या काळात मोजलेली. ‘नुका’ हा मानेसाठीचा आणखी एक शब्द, मूळचा अरबी ‘नुखाअ’, म्हणजे मज्जारज्जू. मध्ययुगात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा हा शब्दही गेला आणि पुढे मानेच्या मागच्या बाजूसाठी रुळला. नवव्या महिन्यात ‘नुकल कॉर्ड’ लिहिलं असेल तर नाळेचा वेढा बाळाच्या मानेभोवती आहे.

आणि मधली ओळ. ओएस, उच्चारी ‘ओस’, म्हणजे लॅटिनमध्ये तोंड. गर्भाशयाच्या मानेला आतलं एक तोंड आणि बाहेरचं एक. ‘क्लोज्ड’ म्हणजे आतलं तोंड मिटलेलं आहे, आणि ते मिटलेलंच हवं. आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात आणि सरकारी पत्रकं ‘गर्भाशयमुख’ लिहितात, ते या ‘ओस’शी तंतोतंत जुळतं. शास्त्रीय मराठीत ‘गर्भाशयग्रीवा’ही आहे, ते ‘सर्व्हिक्स’शी जुळतं. दोन्ही नावं एकाच अवयवाची. कागदावर एक आणि डॉक्टरांच्या तोंडी दुसरं आलं तर दोन आजार समजू नका.

लॅटिनमध्ये आणखी एक ‘ऑस’ आहे, ऱ्हस्व उच्चाराचा, आणि त्याचा अर्थ हाड. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. संस्कृतात या दोघांची भावंडं स्वतंत्र आहेत : तोंडासाठी ‘आस्य’, हाडासाठी ‘अस्थि’. दशास्य म्हणजे दहा तोंडांचा रावण, गजास्य म्हणजे आपला गणपती. चष्म्याच्या कागदावरचं ‘ओएस’ तर तिसरंच. ते ‘ऑक्युलस सिनिस्टर’चं लघुरूप, म्हणजे डावा डोळा. ‘ओडी’ उजवा, ‘डेक्स्टर’वरून, जो आपल्या ‘दक्षिण’चा सख्खा.

पाचवी पायरी : जिथे दुर्लक्ष परवडत नाही ते शब्द

पॅप स्मिअरचा कागद आला की माझं पहिलं सांगणं असतं, ‘पॅप’चं लॅटिन मूळ शोधत बसू नका. ग्रीक डॉक्टर जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या आडनावाची ती सुरुवात आहे. माणसांच्या नावांवरून आलेले शब्द उकलत नाहीत, ते लक्षात ठेवावे लागतात.

पुढचा शब्द ‘स्क्वेमस’. स्क्वामा म्हणजे माशाचा खवला. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी चपट्या, खवल्यांसारख्या एकावर एक बसलेल्या दिसतात. ‘लीजन’ म्हणजे इजा झालेली जागा. ‘मॅलिग्नन्सी’मध्ये ‘माले’ म्हणजे वाईट, ‘बिनाइन’मध्ये ‘बेने’ म्हणजे चांगलं. ‘इन सितू’ म्हणजे जागच्या जागी, अजून खोल न शिरलेलं. ‘इन्व्हेसिव्ह’ म्हणजे आत घुसलेलं. या शेवटच्या दोन शब्दांतला फरक उपचारांचा सगळा मार्ग बदलतो, म्हणून ते कागदावर शोधाच.

‘एनआयएलएम’ लिहिलं असेल तर अशा इजेची किंवा कर्करोगाची खूण दिसली नाही. ‘एस्कस’, ‘एलएसआयएल’, ‘एचएसआयएल’ यांपैकी काही असेल तर तो कॅन्सर नव्हे, पेशींमध्ये बदल दिसले आहेत. एलएसआयएलमधला ‘एल’ कमी दर्जाच्या बदलांचा, एचएसआयएलमधला ‘एच’ जास्त दर्जाच्या. यांपैकी काहीही असलं तरी पुढची तारीख चुकवायची नाही. या टप्प्यावर पकडलं तर कॅन्सर होण्याआधीच थांबवता येतो. कपाटात गेलेले कागद मी ज्यांचे पाहिले, त्यांतले काही याच ओळीचे होते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मुख्य कारण एचपीव्ही, म्हणजे ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ हा विषाणू. पॅपिला म्हणजे लॅटिनमध्ये स्तनाग्र, त्यावरून बारीक उंचवटा, ‘-ओमा’ म्हणजे गाठ, आणि व्हायरस म्हणजे लॅटिनमध्ये विष. आपलं ‘विष’ आणि ते ‘वीरुस’ एकाच मुळाचे. हा विषाणू आणि हा कर्करोग यांचं नातं दाखवल्याबद्दल हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेल्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिचं नाव सर्व्हाव्हॅक. त्यातलं ‘सर्व्हा’ आता तुम्हाला उकलता येईल. ‘व्हॅक’ हे व्हॅक्सिनचं, आणि व्हॅक्सिन आलं ‘वाका’ म्हणजे गाय यातून, कारण इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरने १७९८ मध्ये देवीविरुद्ध जी लस जगापुढे मांडली ती गायींच्या देवीपासून घेतलेली होती.

आणि ‘व्हीआयए’. सरकारी शिबिरांत तीस ते पासष्ट वयाच्या बायकांना ही तपासणी सांगितली जाते. गर्भाशयमुखावर ॲसिटिक ॲसिड लावायचं आणि मिनिटभराने डोळ्यांनी बघायचं. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. ‘ॲसेटुम’ म्हणजे लॅटिनमध्ये व्हिनेगर. चायनीजच्या गाडीवर असतं तेच आम्ल, इथे मोजून पातळ केलेलं. ही साधी तपासणी जीव वाचवते हे सिद्ध झालं ते मुंबईत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून इथल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, डॉक्टरांनी नव्हे. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले. ज्या बायकांनी त्यात भाग घेतला त्या आपल्याच चाळी-झोपडपट्ट्यांतल्या होत्या, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एक गोष्ट रिपोर्टच्याही आधीची. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं, संबंधांनंतर रक्त जाणं, अंगावरून वास येणारं पाणी जाणं, यांपैकी काही होत असेल तर कुठलाही शब्द उकलत बसू नका. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सासूबाईंना किंवा आईला हे सांगायला संकोच वाटतो, तेव्हा विचारायची सुरुवात घरातल्या दुसऱ्या बाईने करावी.

सहावी पायरी : वहीत तीन रकाने

पहिल्या रकान्यात रिपोर्टमधली ओळ जशीच्या तशी, दुसऱ्यात तिचे तुकडे आणि अर्थ, तिसऱ्यात डॉक्टरांना विचारायचा प्रश्न. ‘सर्व्हायकल रॅडिक्युलोपथी सी६’ असेल तर दुसऱ्या रकान्यात ‘मान, नसेचं मूळ, त्रास, सहावी नस’, आणि तिसऱ्यात ‘हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच का? व्यायाम कुठले, कुठले टाळायचे?’ मराठी प्रतिशब्द हवा असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर बघता येतात. मात्र डॉक्टरांशी बोलताना कोशातला शब्द आणि कागदावरचा शब्द दोन्ही सांगा, नाहीतर तेच गोंधळतात.

मानेच्या पट्ट्यासाठी चिठ्ठीवर ‘सर्व्हायकल कॉलर’ लिहिलेलं असतं. ‘कॉलुम’ हाही लॅटिनमध्ये मानेचाच शब्द, त्यामुळे या नावात मान दोनदा आली आहे. पट्ट्याचं माप विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि किती दिवस, दिवसातून किती तास, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. विनाकारण महिनोन्‌महिने पट्टा लावला तर मानेचे स्नायू कमकुवत होतात.

रिपोर्टच्या तळाशी बहुतेक वेळा ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असं लिहिलेलं असतं. ‘क्लिने’ म्हणजे ग्रीकमध्ये पलंग, आजारी माणसाची खाट. फोटो काढणारा किंवा स्लाइड बघणारा डॉक्टर त्या ओळीत एवढंच सांगतो की मी चित्र पाहिलं, माणूस पाहिला नाही. हे दोन्ही जुळवायचं काम तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं आहे. तेव्हा कागद घेऊन त्यांच्याकडेच परत जा. जाताना जुनी फिल्म, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा.